चप्पल पडली का?

(हे पत्र पाठवले नाही)

गडमुडशिंगी,
९ मार्च २०२५

चि. शिवप्रसाद यास आज्जाचा आशीर्वाद.

हे पत्र माझ्याच्यानं पेटीत टाकवणार नाही असं लिहायला बसतानाच वाटतंय. तरी लिहितो. आज्जीजवळ मन मोकळं करावं तर ती उत्तर देते, आणि ते उत्तरच मला मिळत नाही.

शिवा, मला ऐकू येत नाही. गेल्या गणपतीत विसर्जनाला तुझी डॉल्बी आपल्या कट्ट्यासमोर थांबली होती. मी पुढ्यात खुर्ची टाकून बसलो होतो आणि तू वर मशीनमागून सगळ्या गल्लीला बोटानं मला दाखवत होतास. त्या दिवशी डावा कान गेला. उजवा संक्रांतीपर्यंत कसाबसा चालला. कोल्हापुरात डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी कागदावर लिहून दिलं की मशीन लावून फार उपयोग व्हायचा नाही. तो कागद पंचांगात घडी करून ठेवलाय. आज्जीला वाचता येत नाही, त्यामुळं भीती नाही. पण तिला कळलंच आहे. ती आता बोलायच्या आधी माझ्या खांद्याला हात लावते.

तुला सांगितलं तर तू म्हणशील, माझ्या डॉल्बीनं झालं. तसं नाही रे. बेंजो पार्टीत मी तीस वर्षं कर्ण्याच्या तोंडाशी बसलो, ते कधीतरी निघणारच होतं. पण दुसरं एक कारण आहे आणि ते जास्त खरं आहे. तू बारा वर्षांचा असल्यापासून तुझं प्रत्येक गाणं मी तपासलं. कट्ट्यावर पायावर पाय टाकून बसायचं, वरच्या पायाची चप्पल अंगठ्याला लोंबती ठेवायची आणि तू गाणं लावायचास. पाय आपोआप हलून चप्पल पडली की गाणं रस्त्यावर चालणार. नाही पडली तर नाही चालणार. एकदाही चुकलो नाही. आईबापामागं तुला आम्ही वाढवलं हे खरं, पण आता पुण्यात तुला माझी गरज आहे ती एवढ्या चपलेपुरतीच. तीही गेली तर मी कोण?

म्हणून तुला दुसरं पत्र लिहितोय, खोटं. मोबाईल टाकीत पडला, नवा नको, डोळ्यांना सोसत नाही, तू पत्रच लिही. देव क्षमा करो.

— गुरुपाद


पुणे,
२१ मार्च २०२५

ती. आज्जांना नमस्कार.

तुमचं पत्र बघून घाबरलो होतो. आपल्याकडून पत्र आलं की काहीतरी झालं असं वाटतं. मोबाईलचंच आहे ना? मग ठीक. मीही पत्र लिहितो, नाहीतरी दिवसभर स्क्रीनच असते.

पाकिटात पेनड्राइव्ह आहे. तुम्ही म्हणाल, परत काय नवीन? आज्जा, इथं सगळं फार पटापट बदलतंय. मी सुरू केलं तेव्हा ड्रॉप चालायचा. सूर सायरनसारखा चढत जायचा, एक क्षण सगळं गप्प, आणि मग धाडकन. तुमची चप्पल त्या गप्प क्षणातच पडायची, आठवतंय? मग ते शिळं झालं आणि घोड्याच्या टापांसारखं एकसारखं पळणारं आलं, मिनिटाला एकशे पंचेचाळीस ठोके. पोरं दोन वर्षं त्यावर उड्या मारत होती. आता तेही नको झालंय. आता दोन वाटा फुटल्यात. एकात सूर परत आलाय, हळुवार, जुन्या माणसांचे आवाज घेऊन त्याखाली अगदी बारीक ठोका. दुसऱ्यात सूरच नाही. नुसता तळाचा आवाज, सावकाश, मिनिटाला सत्तर ठोके. कानाला फारसा लागत नाही, अंगाला लागतो.

मला कुठल्या वाटेनं जावं कळत नाही. यंदा चुकलो तर संपलो. माझ्यासोबत सुरू केलेले तिघे आता गाड्या चालवतात.

पेनड्राइव्हमध्ये पहिल्या वाटेचं गाणं आहे. दिवाळीत आज्जी ज्ञानूमामाच्या बाळाला झोपवत होती, तेव्हा मी गुपचूप रेकॉर्ड केलं होतं. तिचं ते जो जो. तेच घेतलंय. तिला सांगू नका आधी, नुसतं लावा आणि तिचं तोंड बघा.

चप्पल पडली का, कळवा. तुम्ही म्हणाल तेच करणार.

— शिवा


गडमुडशिंगी,
३० मार्च २०२५

चि. शिवप्रसाद यास आशीर्वाद.

पाकीट पोचलं. एका कोपऱ्यात फाटलं होतं, पोस्टमनला म्हटलं हे असं कसं, तो काहीतरी बोलून गेला. पेनड्राइव्ह शाबूत आहे.

पाडव्याचा मुहूर्त म्हणून आजच लावलं. स्पीकरचा लाल दिवा हिरवा झाला. मी पूर्ण वेळ बसलो, दोनदा लावलं. शिवा, खोटं सांगत नाही, चप्पल पडली नाही. हललीसुद्धा नाही.

आज्जी चुलीजवळून उठून आली आणि उंबऱ्यात उभी राहिली. पदरानं डोळे पुसत होती. धूर फार झाला होता. तिलाही काही पटलेलं दिसलं नाही. गाणं संपेपर्यंत ती हललीच नाही.

मला काळजी वाटते म्हणून स्पष्ट लिहितो. अठ्ठ्याऐंशी साली आमची बेंजो पार्टी आली तेव्हा गावात ब्रास बँड होता. त्यातले आण्णा कॉर्नेट असं वाजवायचे की नवरी रडायची थांबायची. एका लग्नसराईत त्यांचं बोलावणं बंद झालं. आम्ही हसलो. आण्णा एकदा कट्ट्यावर येऊन म्हणाले, "पावणं, तुमची बी येळ येणार हाय की." आणि आली. डॉल्बी आली आणि माझा बेंजो माळ्यावर गेला. मी एक वर्ष उशिरा ओळखलं, नाहीतर मीही काहीतरी केलं असतं. तू उशीर करू नकोस. सूर परत आलाय असं तुझी पुण्याची माणसं म्हणत असतील, पण रस्त्यावर सूर चालत नाही. दुसरी वाट धर.

जेवतोस ना वेळेवर? खोलीची खिडकी रात्री बंद करत जा, पुण्यात चोऱ्या होतात असं वाचलं.

— तुझा आज्जा


पुणे,
२ मे २०२५

ती. आज्जांना नमस्कार.

तुमचं पत्र चार दिवस खिशात घेऊन फिरलो. ते गाणं मला फार आवडलं होतं. पण तुम्ही नाही म्हणालात म्हणजे नाही. बाजूला ठेवलं.

आता दुसऱ्या वाटेचं पाठवतोय. ह्यात ऐकण्यासारखं काही नाही, आधीच सांगतो. नाव ठेवलंय 'पायाभरणी'. गडमुडशिंगीच्या मंडळाच्या पोरांना फोनवर ऐकवलं तर म्हणाली, "भावा, आवाज कुठाय?" मी म्हटलं, "डॉल्बीवर लाव, मग इचार."

एक करा. स्पीकर कट्ट्यावर ठेवू नका. ज्वारीच्या पत्र्याच्या पिंपावरच ठेवा, आणि आरामात बसा. जसं बसता तसंच बसा.

आज्जीची गोळी चालू आहे ना? तिच्या हृदयाच्या झडपेचं परत दाखवायला हवं. मी आलो की नेतो.

— शिवा


गडमुडशिंगी,
१९ मे २०२५

चि. शिवप्रसाद यास अनेक आशीर्वाद.

पडली! शिवा, चप्पल पडली, आणि उंबऱ्यापलीकडं जाऊन पडली.

स्पीकर पिंपावर ठेवला होता. तुला पिंपाचं कसं सुचलं? मागच्या पत्रात मीच लिहिलं असेन, आजकाल लक्षात राहत नाही. पिंपाच्या झाकणावर मी सहज हात टेकून बसलो होतो. पहिला ठोका आला आणि तो तळहातातून कोपरापर्यंत, तिथून छातीत, तिथून पायात गेला. कितीतरी महिन्यांनी... म्हणजे कितीतरी वर्षांनी असं गाणं आलं. पिंपातली ज्वारी आत नाचत होती. हेच चालणार. डोळे झाकून दे.

आज्जीलाही आवडलं. आतून आली, छातीवर हात ठेवून माझ्याकडं बघून काहीतरी बोलली. मी मान हलवून हो म्हटलं, हसलो. ती परत काही बोलली आणि आत जाऊन पडली. दुपारची वेळ होती, झोपायचीच होती.

तिची गोळी चालू आहे. मी रोज मोजून बघतो, एकही चुकत नाही. तरी तू आलास की दाखवून आणू. मला उगाच शंका येत राहतात, तू मनावर घेऊ नकोस.

— तुझा आज्जा


पुणे,
१२ ऑगस्ट २०२५

ती. आज्जांना नमस्कार.

तुम्ही म्हणालात तसंच झालं. 'पायाभरणी' सगळीकडे पोचली. सांगली, इचलकरंजी, बेळगाव, सगळे तेच मागतात. जे मला विचारायचे, "शिवा, चाल कुठं हाय ह्यात?" तेच आता त्याची नक्कल करताहेत. एकानं तर ठोका अजून खाली नेलाय. पुढच्या वर्षी हेही शिळं होणार, पण यंदाचं वर्ष माझं आहे, आज्जा. ते तुमच्या चपलेनं दिलंय.

आपल्या गावच्या मंडळानं विसर्जनाला मलाच बोलावलंय, सहा सप्टेंबरला. डॉल्बीची भिंत गेल्या वर्षीपेक्षा मोठी आहे. आपल्या घरासमोरच्या वळणावर ट्रॅक्टर थांबवून पूर्ण गाणं वाजवायचं ठरलंय. मंडळाला शब्द दिलाय, आता मागं घेता येत नाही.

त्या दिवशी आज्जीला दुपारपासून मागच्या आळीत शालूबाईंकडं बसवा. गर्दी फार होईल, म्हणून म्हणतोय.

— शिवा


गडमुडशिंगी,
२८ सप्टेंबर २०२५

चि. शिवप्रसाद,

तू तिसऱ्या दिवशी न बोलता गेलास. विधीला आलेल्या जंगमांनी तुला दोनदा हाक मारली असावी, कारण सगळे दाराकडं वळून बघत होते. मी तुला अडवलं नाही. अडवून काय बोलणार होतो?

तू डॉल्बीवर होतास, घरात काय झालं ते तुला कोणी नीट सांगितलं नसेल. सांगायला मी एकटाच आहे, म्हणून लिहितो.

आज्जीला मी शालूबाईंकडं जा म्हटलं होतं. तिनं मान हलवली. नातू समोरून जाणार आणि मी मागच्या आळीत बसू, असं काहीसं तिच्या तोंडावर होतं. मीही जोर केला नाही. संध्याकाळी पाचच्या सुमाराला तुमचा ट्रॅक्टर वळणावर आला. ती मधल्या खोलीत खाटेवर बसली होती, तिथून दारातून दिसतं म्हणून. मी कट्ट्यावर आलो, पायावर पाय टाकला आणि हात भिंतीला टेकला. गाणं सुरू झालं. भिंत माझ्या हाताखाली बैलाच्या वशिंडासारखी थरथरत होती. तुला दिसावी म्हणून मी चप्पल मुद्दाम उंच धरली आणि पाडली. तू वरून बघितलंस, दोन्ही हात वर केलेस. मी पण केले.

आत फडताळातली भांडी पडली होती. सगळी. पितळी डबे, ताटं, तांब्या. मी त्यांच्यापासून सात-आठ हातांवर होतो. ती मला हाका मारत असेल. किती मारल्या असतील, शिवा? मी पाठमोरा बसून हात वर करत होतो. ट्रॅक्टर पुढं गेला, भिंत थांबली, तेव्हा मी आत गेलो. ती खाटेखाली, त्या भांड्यांत होती. एक हात दाराकडं.

आता हे सांगतो. मला ऐकू येत नाही. मार्चपासून तुला खोटं लिहीत आलो. सोबत पहिलं पत्र जोडलंय, जे टाकलं नव्हतं, ते वाच. तुझं पहिलं गाणं मी ऐकलंच नाही. त्यात तिचा आवाज आहे हे तू लिहिलं होतंस, तरी मी नाही म्हटलं, कारण माझ्या हाताला काही लागलं नाही. दुसरं पास केलं ते हातानं. मे महिन्यात ती छातीवर हात ठेवून काय म्हणाली ते मला माहीत नाही. मी हो म्हटलं.

तिनं छातीवर ठेवलेल्या हाताला मी 'आवडलं' असं लिहून पाठवलं तुला.

— गुरुपाद


पुणे,
१५ ऑक्टोबर २०२५

आज्जा,

मला माहीत होतं.

तुम्ही बसून वाचा. उभं राहून वाचू नका.

तुम्ही पहिलं गाणं नापास केलंत त्याच आठवड्यात आज्जीनं शालूबाईंच्या फोनवरून मला फोन केला. म्हणाली, "शिवा, आज्जाला ऐकायला येत न्हाय रं. तू इचारू नगंस, त्येला लई वाईट वाटंल. पर माझं गाणं मी ऐकलं बघ. उंबऱ्यात हुबी ऱ्हाऊन ऐकलं. बाई बाई, मी इतकी बरी गात्ये व्हय रं?" आणि हसली. म्हणाली, स्पीकर चालू केला की आज्जा पिंपाला हात लावून बसतो, लहान पोरासारखा.

तेव्हाच मी घरी यायला हवं होतं. मी आलो नाही. मी विचार केला की आता रस्त्यावर कानानं कोण ऐकतंय? सगळे छातीनं आणि पायानं ऐकतात. ज्याला कान नाही आणि नुसता तळहात आहे, असा माणूस माझ्या घरात आहे. इतकी चांगली तपासणी पुण्यात कोणाकडं नाही. म्हणून तुम्हाला पिंपावर ठेवा असं लिहिलं. तुमची चप्पल पडली, आणि मंडळांनी गाणं उचललं. तुमचा हात मी वापरला, आज्जा.

मे महिन्यात त्याच संध्याकाळी तिचा परत फोन आला होता. ती काय म्हणाली ते माहीत नाही असं तुम्ही लिहिलंत, ते मला माहीत होतं. ती म्हणाली, "ह्ये नगं वाजवू रं शिवा. छातीत कळ आली माझ्या. आज्जाला सांगितलं मी. व्हय म्हणाला, हसला. त्येला कळलंय न्हाय कळलंय देव जाणे. तुला तर कळतंय न्हवं?"

मी म्हटलं, कळतंय आज्जी.

मग तुम्हाला गर्दीचं कारण देऊन शालूबाईंकडं बसवा असं लिहिलं. खरं कारण लिहिलं असतं तर तुम्ही तिला उचलून नेलं असतं. पण मग तुम्ही मला ते गाणं वाजवू दिलं नसतं, आणि तुमच्या कानांचं मला माहीत आहे हेही उघड झालं असतं. तुम्ही भिंतीला हात लावून बसला होता, मला वरून दिसत होतं. ती दारात दिसत नव्हती. मला वाटलं, गेली असेल शालूबाईंकडं. खात्री केली नाही. गाणं चालू होतं.

ते गाणं मी सगळीकडून काढलं, पण उपयोग नाही. नक्कल केलेली वीस आहेत. काल इथं एका लग्नाच्या वरातीत वाजत होतं. मी रस्त्यात उभा राहिलो आणि छातीवर हात ठेवला. खरंच कळ येते.

मी येऊ का, असं विचारायची हिंमत नाही.

— शिवप्रसाद


गडमुडशिंगी,
३ नोव्हेंबर २०२५

चि. शिवप्रसाद,

पत्र मिळालं. सात वेळा वाचलं. तुला दोष द्यायला बसतो आणि मधेच माझंच पत्र आठवतं, मग थांबतो. परत बसतो. असे दिवस चाललेत. तुला माफ केलं असं लिहिता येत नाही, येईल का तेही माहीत नाही. मलाही कोणी केलेलं नाही.

शालूबाई दोन वेळची भाकरी आणून देतात. त्या काय बोलतात ते मी कागदावर लिहा म्हणतो, त्या हसतात, त्यांना लिहिता येत नाही. दाराला आतून कडी लावत नाही मी आता. कोणी हाक मारली तर कळायचं नाही, निदान आत येता यावं. गॅस दहा वेळा बघतो. सूं आवाज येतो म्हणे गळला की. मी नाक लावून बघतो.

तुझं पहिलं गाणं पेनड्राइव्हमध्ये अजून आहे. काल लावलं. दिवा हिरवा झाला. पिंपाला हात लावला, मग स्पीकरला, मग स्पीकरच्या जाळीला कपाळ टेकवलं. काहीच नाही. इतकी हळू गायली का रे ती?

एक काम कर. ते दिवाळीचं मूळ रेकॉर्डिंग तुझ्याकडं असेल, गाण्यात घालायच्या आधीचं. ते ऐक आणि त्यात जे जे आहे ते कागदावर लिहून पाठव. शब्द चुकवू नकोस. तू काही सुधारू नकोस. मधे कोण खोकलं, काय वाजलं तेही लिही. मला तेवढंच पाहिजे.

येण्याचं नंतर बघू.

— गुरुपाद


पुणे,
१० नोव्हेंबर २०२५

ती. आज्जांना,

तीन मिनिटं बारा सेकंदांचं आहे. सांगितलंत तसं सगळं लिहितो. काही सुधारलेलं नाही.

सुरुवातीला पाळण्याची दोरी करकरते. आज्जी घसा साफ करते. मग गाते, बाळाला तेच तिचं कानडी 'मगा' म्हणत:

जो जो मगा, नीज रं बाळा,
दारात उभा जोंधळा काळा,
जोंधळ्याला आली चिमणी बाई,
मगाला माझ्या झोप का न्हाई.

हे ती दोनदा म्हणते. दुसऱ्या वेळेला 'चिमणी' म्हणताना आवाज चिरकतो आणि ती स्वतःशीच हसते. बाळ कुरकुरतं. बांगड्या वाजतात, ती थोपटत असणार. बाहेरून एक फटाका. ती म्हणते, "आगं आई, ह्यास्नी काय काम न्हाय."

जो जो मगा, झोपलं गाव,
झोपंत घेऊ कुनाचं नाव...

इथं पुढची ओळ ती विसरते. नुसतं हूं हूं करते. बराच वेळ. पाळणा चालूच असतो. मी गाण्यात हेच हूं हूं घेतलं होतं.

दोन मिनिटं पन्नास सेकंदांना बाहेरून कट्ट्यावरून तुमचा आवाज येतो. तुम्ही मोठ्यानं ओरडता, "गौरा, चा ठेवलास का न्हाय? गौरा! आगं ऐकाया येतंय का?"

पाळणा थांबतो. बाळ आता शांत आहे. ती उठते, पाटल्यांचा आवाज येतो. मग ती दाराकडं तोंड करून, बाळ उठू नये म्हणून अगदी हळू म्हणते:

"येतंय की ऐकायला. वरडू नगा. आले मी."

पुढं पावलं आहेत. मग संपतं.

— शिवा